कॅप्टनची सावली

आमच्या शेजारच्या फारुकभाईंना एक झाड निवडायला अख्खा पावसाळा पुरला नाही, असं सांगितलं की लोक हसतात. तेव्हा मीही हसले होते.

फारुकभाईंचा जन्म बोटीवर सारंगाच्या नोकरीत गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी आरे-वारेच्या किनाऱ्याच्या वर, सड्यावर घर बांधलं. सडा म्हणजे नुसता कातळ, उन्हाळ्यात पाय ठेववत नाही. मुलगा अद्नान दोह्याला गेला तो आपला कुत्रा आईबापांच्या गळ्यात मारून. कुत्रा साधा, गावठी, तपकिरी, पण नाव कॅप्टन. "जन्मभर मी कॅप्टनचं ऐकलं, आता कॅप्टन माझं ऐकतो," हे फारुकभाई येईल त्याला ऐकवायचे. खरं तर त्या घरात हुकूम चालायचा त्यांच्या बायकोचा, साबेराभाभींचा. नमाजाचं घर, म्हणून कॅप्टनने ओटीच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, हे त्यांनी त्याला पिल्लू असतानाच शिकवलं होतं. तळलेल्या बांगड्याचा मधला तुकडा मात्र गुपचूप त्याच्याच ताटलीत पडायचा.

मग उन्हाळ्यात त्याने राहायचं कुठे? फारुकभाईंनी अंगणात कुंपण घातलं, वर पत्रा टाकला. पत्रा तव्यासारखा तापायला लागला. एका शुक्रवारी अद्नान व्हिडिओवर म्हणाला, "अब्बा, झाड लावा. पण विषारी नको हां, तो काय पण चावत बसतो."

झालं! सारंग कामाला लागले. बिट्टीच्या बिया विषारी, म्हणून बिट्टी बाद. काजरा तर कुत्र्यांचा काळच. करंजाच्या बिया नकोत, काजूचा चीक नको, आंब्याची बाठ घशात अडकेल, फणस डोक्यात पडेल. मी चिडवलं, "नारळ लावा की मग." तर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "तो पयलाच काढला मी." शेवटी पालीच्या एका नर्सरीतून बकुळीचं माणूसभर उंचीचं झाड आलं. पान, फूल, फळ, कशाचीही भीती नाही. मशीन लावून कातळ फोडला आणि खड्डा खणला.

खड्डा त्यांनी भरला तो त्यांचे वडील हापूसच्या कलमांचा भरायचे तसा. लाल माती, शेणखत, सुक्या मासळीचं खत आणि एरंडीची पेंड. हात जराही आखडता घेतला नाही. या पेंडीचं पोतं आमच्याही पडवीत असतं. कुत्र्याच्या पोटात ती गेली तर काय होतं, हे आमच्या वाडीत कुणालाच माहीत नव्हतं.

मासळीचा वास कॅप्टनला गप्प बसू देईना. सकाळी बघितलं तर बुंध्याजवळची माती उकरलेली आणि याचं नाक मातीने लालभडक. "बघा, झाड आवडलंन त्याला!" म्हणत फारुकभाईंनी हसत हसत माती परत ओढली.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, मग रक्त पडायला लागलं. जनावरांचे डॉक्टर आले. खड्ड्यात काय घातलंत, हा त्यांचा पहिला प्रश्न. एरंडीची पेंड कुत्र्याला विषच, असं म्हणत त्यांनी सलाईन लावलं खरं, पण फारुकभाईंकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑक्टोबरच्या उन्हाने अंगण नुसतं भाजत होतं. साबेराभाभी ओटीवर आल्या आणि म्हणाल्या, "ये रे बाळा, वर ये. सावलीत ये. मी बोलवतेय ना?" कॅप्टन कसाबसा उठला, पायरीपर्यंत आला आणि थांबला. शेपटी हलवली आणि तिथेच उन्हात बसला. फारुकभाईंनी त्याला उचलून ओटीवर ठेवलं, तर धडपडत पुन्हा खाली उतरला. शिकवलेलं तो विसरला नव्हता. मग भाभीच खाली येऊन जमिनीवर बसल्या आणि त्याच्यावर छत्री धरली. छत्री धरूनच त्या रडत होत्या. ऊन उतरायच्या आत तो गेला.

शुक्रवारी अद्नानने नेहमीप्रमाणे विचारलं, "कॅप्टन कुठाय? दाखवा ना." फारुकभाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. मी बाजूलाच बसले होते. मला त्या क्षणी दोघांचीही सारखीच दया आली.

पेंडीने झाड मात्र जोरात आलं. फारुकभाई रोज पाणी घालतात, पण खाली कधी बसत नाहीत. झाडाचा काय दोष, असं मी एकदा बोलून गेले.

"झाडाचा नाय गो," ते म्हणाले. "वरनं काय पडेल, वरनं काय पडेल, एवढंच मी बघत रवलो. खाली मीच काय घालतोय, ते बघितलंच नाय."

आता बकुळीची सावली दुपारी ओटीच्या पायरीपर्यंत येते. परवा कुठलं तरी भटकं कुत्रं उन्हाला कंटाळून तिथे येऊन थांबलं. मी हाकलायला उठले, तर साबेराभाभींनी मला हाताने अडवलं. पायरीवरून जरा सरकून बसत त्या कुत्र्याला म्हणाल्या, "ये. वर ये."