वहिनीची वही मी यादीतून काढली

“घोडपदेवच्या चाळीत आर शिकवतात?” सर म्हणाले. टेबलाभोवतीचे सगळे हसले. मीही हसलो.

परळच्या एका हॉस्पिटलच्या संशोधन विभागात मी डेटा ऑपरेटर आहे. आर ही आकडेशास्त्राची संगणकभाषा. डॉक्टरांना कोड येत नाही, म्हणून मी त्यात एक स्क्रीन बनवला होता. वय निवडा, बटण दाबा, आलेख समोर. सर खूश. हे कुठून शिकलास त्याची यादी दे म्हणाले, नव्या लोकांसाठी. मी सात नावं दिली. सहा इंटरनेटवरची, इंग्रजी. सातवं, घोडपदेवच्या आमच्या चाळीतल्या सुजातावहिनीची वही.

“सातवं काढ. यादी बाहेर जाणार आहे.”

“हो सर.”

तिथेच काढलं. माझ्याच हाताने.

त्या सहा ठिकाणी मी वर्षभर डोकं आपटलं होतं. बटण दाबायचो, आलेख ढिम्म हलायचा नाही. वहिनी शेजारच्या खोलीतली. नोकरी सुटल्यावर घरी बसून शिकली, मराठीत टिपणं काढत. तिने मला कागदावर चौकोन काढायला लावले. “कशामुळे काय बदलतं ते आधी बाणाने दाखव. मग टाइप कर.” त्या दिवशी आलेख हलला.

घरी आलो तर तिने विचारलं, “काय रे, चालली का माझी वही तुमच्या ऑफिसात?”

“चालली की. सगळ्यांना आवडली.”

बिचारी नवी वही घेऊन आली. साहेबलोक वाचणार म्हणून सगळं पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवायला बसली. चार दिवस मी तिला दारातून बघत होतो. लाज सरांची नव्हती वाटत, माझी वाटत होती. सरांना वहिनी माहीतही नव्हती. मला होती.

पाचव्या दिवशी खरं सांगितलं. तिने पेनाला टोपण लावलं. “मग चार दिवस लिहू कशाला दिलंस?”

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये उभा राहिलो. “सर, वहीचं नाव परत घातलंय. पहिल्या नंबरावर. मी तिच्यामुळे शिकलो.”

“यादी डिपार्टमेंटची आहे, तुझ्या चाळीची नाही.”

“मग मी बनवलेला स्क्रीनही चाळीतलाच आहे, सर.”

या वेळी कुणी हसलं नाही. यादी अजून सरांकडे अडकली आहे. वहिनी माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे. नोकरीवर आलं तरी येऊ दे. ते नाव आता मी काढणार नाही.