तीन ढीग रेती

२००९ साल. मी बासष्ट वर्षांचा होतो. कोन गावाजवळच्या एका नाल्याच्या काठावर उभा राहून मी चिमूटभर रेती जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

"खारी," मी म्हणालो. "चालणार नाही."

समोर नववीची चाळीस मुलं उभी होती. रेती त्यांनीच जमवलेली. तिचे तीन ढीग होते. मी पुढच्या ढिगाकडे गेलो, चाखलं, थुंकलो. तिसऱ्याकडे गेलो. तिथेही तेच.

"तिन्ही खाऱ्या. उद्या स्लॅब होत नाही."

मी गवंडी. पनवेलमध्ये सगळे मला मिस्त्री म्हणतात. शाळा दुसरीपर्यंत. सतराव्या वर्षी हातात थापी आली ती पंचेचाळीस वर्षं सुटली नाही. नवीन पनवेलातल्या किती बिल्डिंगा माझ्या हाताखालून गेल्या ते मी मोजलेलं नाही. पण माझा स्लॅब गळतो म्हणून कुणी दारात आलेलं मला आठवत नाही.

नाल्याच्या पलीकडे वीस-पंचवीस घरांची वाडी होती. शाळा अलीकडे. मध्ये विजेचा जुना खांब आडवा टाकलेला, त्याच्यावरून पोरं यायची. आदल्या वर्षी चौथीतली एक मुलगी त्यावरून घसरली आणि तिचा हात मोडला. आईबापांनी तिची शाळा बंद केली. पनवेलच्या एका शाळेची मुलं झाडं लावायला म्हणून वाडीत गेली होती, त्यांनी ते ऐकलं. आपण इथे साकव बांधू, म्हणाली. साकव म्हणजे लहानसा पूल, माणसांपुरता.

मला वाटलं होतं, पोरं आठ दिवसांत विसरतील. नाही विसरली. कॉलन्यांमधून दारोदार फिरून रद्दी गोळा केली, स्नेहसंमेलनात भेळेचा स्टॉल लावला. त्यातून सिमेंट आलं. एकाच्या वडिलांचा कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाळा होता, त्यांनी सळया दिल्या. रेतीची युक्ती तर मला फारच आवडली. तेव्हा पनवेलात गल्लोगल्ली बांधकाम चाललेलं. प्रत्येकाने घराजवळच्या साइटवर जायचं, वॉचमनला काका म्हणायचं आणि पिशवीभर रेती मागून आणायची. महिनाभरात तीन ढीग झाले. एक नवीन पनवेलचा, एक कळंबोलीचा आणि सगळ्यात मोठा खाडीच्या बाजूला राहणाऱ्या मुलांचा.

या मुलांचे हेडसर माझ्या घरी आले, कारण त्यांच्या शाळेचं प्लास्टर मी केलेलं. मी म्हणालो, मजुरी नको. पण कामात शेवटचा शब्द माझा. "अर्थातच, मिस्त्री," सर म्हणाले. अर्थातच हा शब्द माणसं फार लवकर बोलतात.

तीन रविवार खपून आम्ही दोन्ही काठांना दगडी भिंती उभ्या केल्या. मुलांनी दगड वाहिले. वरती सेंटरिंग लावलं. सेंटरिंग म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत खालून धरून ठेवणाऱ्या फळ्या आणि टेकू. सळयांची जाळी बांधून झाली. रविवारी स्लॅब ओतायचा, प्रमुख पाहुणे यायचे, पत्रिका छापलेल्या. आणि शनिवारी दुपारी मी रेती चाखली.

हेडसर मला बाजूला घेऊन गेले. "मिस्त्री, थोडंफार मीठ असलं तर काय बिघडतं?"

"जेवणात काही नाही, सर. स्लॅबमध्ये सळई गंजते. गंजली की फुगते. फुगली की काँक्रीट आतून फोडते. आज वरून छान दिसेल. आठ-दहा वर्षांनी तुकडा खाली पडेल, आणि तेव्हा कोण चालत असेल ते तुम्हाला माहीत नाही, मलाही माहीत नाही."

"पण पाहुण्यांना काय सांगू?"

"खारी रेती निघाली म्हणून सांगा."

 मुलांनी महिनाभर खांद्यावर पिशव्या वाहिलेल्या. एक-दोघींचे डोळे भरले. मी तिकडे बघितलं नाही. डोळे बघून स्लॅब ओतायचा नसतो.

तेवढ्यात दर्शना पुढे आली. ही मोरा बंदरातल्या कोळ्यांची मुलगी, पनवेलला मामाकडे राहून शिकायची. दगड वाहताना सगळ्यात जास्त बडबड हिची.

"मिस्त्रीबाबा, एक विचारू?"

"विचार."

"तुमी आत्ता जेवलात ना? भाकरी आनि सुके बोंबील?"

"मग?"

"मंग तुमाला सगलंच खारट लागनार. आमच्या घरी कुनाला कालवनाचं मीठ बघायचं असलं ना, तर आदी चूल भरतो. बोंबलाच्या तोंडानं नाय बघत."

मुलं हसली. हेडसर हसले नाहीत, पण मिशीवर हात फिरवला.

मला राग आला. पंचेचाळीस वर्षं रेती चाखतोय, आणि ही कालची पोर मला चूळ भरायला सांगते! "माझ्या जिभेला तुझ्या आईच्या कालवणापेक्षा जास्त कळतं," मी म्हणालो आणि लांब जाऊन दगडावर बसलो.

बसलो, पण बसवेना. कारण पोरगी खरं बोलत होती. साइटवर रेतीचा ट्रक सकाळी येतो, आम्ही चहाच्या आधी चाखतो. जेवून मी कधी चाखली नव्हती. त्या दिवशी घाई होती म्हणून चाखली. दहा मिनिटांनी उठलो, मडक्याशी गेलो, तीनदा चूळ भरली. सगळे बघत होते. बघू देत.

नवीन पनवेलचा ढीग चाखला. मीठ नाही. कळंबोलीचा चाखला. तोही ठीक. खाडीकडचा चाखला आणि थुंकलो.

"ही खारीच. आता बोंबील काढू नकोस. तूच चाख."

दर्शनाने चाखली, तोंड वाकडं केलं. "शी! ही तर मिठागरातली हाय."

धडा एवढाच, की रेती जेवणाआधी चाखावी. हा मी बासष्टाव्या वर्षी शिकलो, आणि कुणाकडून शिकलो ते वर सांगितलंच आहे.

पण दोन ढिगांत स्लॅब पुरा होत नव्हता. हेडसर म्हणाले, "तिन्ही मिसळून टाका. मीठ विरळ होईल."

"सर, शेवटचा शब्द कुणाचा ठरला होता?"

सरांनी पाहुण्यांना फोन लावला.

दर्शना ढिगाशी उकिडवी बसून रेती हातातून सोडत होती. म्हणाली, "धुवून टाकू की. आमी सुक्या जवल्यातली रेती धुतो, आता रेतीतलं मीठ धुवायचं. पाटीत घालायची, वरून पानी सोडायचं."

उपाय बरोबर होता. मलाही ठाऊक होता. फक्त चाळीस मुलं तो करतील असं मला वाटलं नव्हतं. पाट्यांना आतून गोणपाट लावलं, म्हणजे पाणी जाईल आणि रेती राहील. वाडीतल्या बायकांनी विहिरीचं पाणी ओढून दिलं. प्रत्येक पाटी तीनदा धुतली. मग आधी दर्शनाने चाखायची, नंतर मी. दोघांनी मान हलवली तरच पाटी पुढे. एकदा तिने हो म्हटलं, मी नाही म्हटलं. ती पाटी परत धुतली.

"म्हातारा लई खट हाय," ती मैत्रिणीला म्हणाली. मला ऐकू यावं इतक्या मोठ्याने.

रविवारचा कार्यक्रम गेला. पुढच्या रविवारी पाहुणे मोकळे नव्हते. हेडसर आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. धुतलेली रेती सुकली, आणि त्या रविवारी आम्ही स्लॅब ओतला. मुलांची रांग लावली, घमेलं हातोहात पुढे. बारा फूट लांब, चार फूट रुंद. दुपारपर्यंत झाला. नारळ वाडीतल्या त्या हात मोडलेल्या मुलीने फोडला. तिची शाळा पुढे सुरू झाली. स्लॅबचं पोट मी आजही वर्षातून एकदा खालून वाकून बघतो. गंजाचा डाग नाही.

स्लॅब ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तिथे गेलो. ताज्या स्लॅबला पाणी लागतं; पाण्यावाचून तो तडकतो. कडेने मातीच्या पाळी घातल्या, आत घोट्याएवढं पाणी भरलं. कुणी चढू नये म्हणून दोन्ही टोकांना बाभळीच्या काट्या टाकल्या. सातच्या सुमाराला पहिला माणूस आला. हेडसर. सोबत फोटोग्राफर.

"मिस्त्री, काट्या जरा बाजूला करा. मधोमध उभा राहून एकच फोटो काढतो."

"फोटोला चौदा दिवसांनी या, सर," मी म्हणालो, आणि स्लॅबवर पाणी घालायला त्यांच्या हातात बादली दिली.