प्रेक्षक मोजायची मालकांची रीत

भोरच्या एका केबल चॅनेलवर मी रोज संध्याकाळी स्थानिक बातम्या वाचते. दिवसा कचेरीत नोकरी, साडेसातला कॅमेऱ्यापुढे. एसटीच्या बदललेल्या वेळा, नळाला पाणी कधी येणार, वेल्ह्याकडे बिबट्यानं उचललेली शेळी आणि शेवटी निधनवार्ता. सगळा तालुका कामं टाकून मला बघतो, अशी माझी पक्की समजूत होती.

मालकांचा भाचा अमेरिकेत एका लहान शहराच्या टीव्ही केंद्रात कामाला. तिकडे म्हणे घरोघरी यंत्र बसवून कोण काय बघतं ते मोजतात आणि कमी बघितला जाणारा कार्यक्रम काढून टाकतात. सुट्टीवर आलेल्या भाच्यानं हे सांगितलं आणि मालकांच्या डोक्यात किडा वळवळला. यंत्र कुठून आणणार? त्यांनी गावठी उपाय काढला.

"चालू कार्यक्रम मधीच बंद करायचा. फोन आला न्हाई, म्हंजे बघणारं न्हाई."

आधी जुना सिनेमा ऐन मारामारीत बंद केला. फोन खाली ठेवायला उसंत मिळेना. एकानं तर मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मालक खूश! दुसऱ्या दिवशी माझी पाळी. एसटीची बातमी संपताच त्यांनी बटण दाबलं. तोंडाला पावडर फासून मी फोनकडे बघत बसले. दहा मिनिटांनी एकदाचा वाजला. मी झडप घातली, तर मालकीणबाईंचा मालकांना निरोप, येताना कोथिंबीर आणा.

"उद्यापास्नं बातम्या बंद. सिनेमाच लावू," मालक म्हणाले.

मला इतका अपमान वाटला की तोंडावरची पावडर न पुसताच मी घरी गेले.

सकाळी चॅनेलच्या ऑफिसात ठेवलेली माझी साडी परत आणायला गेले, तर तिथं ही गर्दी. पुढं एका निवृत्त गुरुजींचा मुलगा उभा होता, नदीवरून तसाच आलेला. गुरुजी पुण्यात त्याच्याकडे वारले होते. आज सकाळी भोरला नीरेत अस्थिविसर्जन होतं, त्याची बातमी काल वाचायची राहिली. उभी हयात भोरची पोरं शिकवलेल्या माणसाच्या अस्थींबरोबर घरचेच चौघे होते. मागं गुरुजींच्या बरोबरीचे म्हातारे मान खाली घालून उभे.

मालक चिडून त्यांनाच म्हणाले, "मग काल फोन का न्हाई केला?"

"कशाला करायचा?" एक आजोबा उसळले. "आमाला वाटलं, बातम्या लवकर आटपल्या. निधनाचं आलं न्हाई, म्हंजे आज कोणी गेलं न्हाई. बरं झालं म्हणून आमी जेवलो."

म्हणजे माझी शेळी नि एसटी लोक सहन करत होते, कोण गेलं ते कळावं म्हणून! मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. मालकांनी बातम्या पुन्हा सुरू केल्या. त्या संध्याकाळी मी हात जोडून माफी मागितली आणि दहाव्याची वेळ दोनदा वाचली.

दहाव्याला घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी मागं उभी होते, तर किकवीहून आलेल्या एका आजींनी माझा हात धरला.

"टीव्हीतल्या बाई न्हवं? लई चांगलं वाचता. आमची बी बातमी तुमीच वाचा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"वाचीन," मी म्हटलं, "पण काही घाई नाही, आजी."