मामांचा षड्ज

पूर्व आणि पश्चिम यांचं मीलन अखेर भिवंडीत झालं, आणि ते माझ्या बायकोच्या मामांनी घडवून आणलं. शेजाऱ्यांना वाटलं, पाण्याची मोटर बिघडली.

मामा डबल बास वाजवत. माणसापेक्षा उंच, सारंगीच्या खापरपणजोबासारखं दिसणारं वाद्य. त्यावर ते धृपदाच्या अंगाने आलाप करत आणि मग जॅझमध्ये शिरत. कुठून शिरले ते आम्हाला कळत नसे, बाहेर कधी येणार ते त्यांना. तानपुरा त्यांनी कधी घेतला नाही. खिडकीखालच्या कापडाच्या कारखान्यात आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, चालत. त्यांच्या मोटरींची घरघर हा मामांचा षड्ज, धोट्याची खटखट हा ताल. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून रियाझालाही. कारखाना थांबला अशी तक्रार करणारा भिवंडीत हा एकच शेजारी. वीज गेली की मामा खिडकीतून विचारत, "शब्बीरभाई, सा कुठे गेला?" खालून विणकर शब्बीर म्हणे, "आयेगा मामा, लाइट के साथ आयेगा."

बारा वर्षं ते एकच रचना रचत होते. ठाण्यात एकदा ती वाजवायचा योग आला. वातानुकूलित सभागृह, सुतक पडल्यासारखी शांतता. मामा षड्ज शोधत पाच मिनिटं नुसते बसले आणि उठून आले. निवेदकाने त्याला 'मौनाचा आविष्कार' म्हटलं. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या.

मग एके दिवशी कारखान्याचा मालक कोन गावाहून आला. "मामा, लूम भंगारात दिलं. परवा टेम्पो येनार हाय. गोडाऊन बांधतोय."

"आणि मी?"

"तुम्ही आता शांत झोपा ना."

रचना अजून एकदाही पूर्ण वाजली नव्हती. दुसऱ्या दिवशी शब्बीरने आणि मी बास जिन्याने खाली उतरवला. "खिडकीतून नको, जावई," मामा म्हणाले, "आज सगळा सा पाहिजे." आठ चालत्या लूमच्या मधोमध उभं राहून त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. मी हातभर अंतरावर होतो. गज दिसत होता, बोटं दिसत होती. सूर एकही ऐकू आला नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "शेवटचा खर्ज लागला ना?"

"लागला," मी म्हणालो.

त्यानंतर त्यांनी बासला हात लावला नाही. दिवाळीच्या आधी गेले.

ती रचना अडतीस मिनिटांची आहे. तेवढ्या वेळात त्या आठ लूमवर सत्तावीस मीटर कापड निघालं. त्यातलं दोन मीटर डागी होतं.