दोघांची पिशवी

ऑरिन हाउग गेला तेव्हा त्याच्या पशुखाद्याच्या बंद दुकानाबाहेर तो खडूचा फळा अजून टांगलेला होता. दर सोमवारी त्यावर तो एकच आकडा लिहायचा: देशाच्या कर्जातला माणशी वाटा. कुणाकडे बाळ झालं की अभिनंदन करायचा आणि त्याच दमात बाळाच्या डोक्यावर किती डॉलर आहेत तेही सांगायचा. माझ्या नातीच्या वेळी हा आकडा लाखाच्या वर गेला होता. मी म्हटलं, अरे, तिला डोळे तरी उघडू दे.

दरवर्षी आपल्या वाढदिवसाला तो सरकारी खजिन्याला पंचवीस डॉलरचा चेक पाठवायचा. कर्ज फेडायला म्हणून असं दान स्वीकारतात, हे आमच्या गावाला त्याच्यामुळे कळलं. गाव हसायचं. खरं सांगायचं तर मीही हसले आहे.

मी जिल्हा कचेरीत निवडणुकीचं काम बघते. मतदान संपलं की मतपत्रिकांची सीलबंद पिशवी दोन माणसांनी, तीही दोन वेगळ्या पक्षांच्या, एकाच गाडीतून आणायची, असा आमच्याकडे नियम आहे. पूर्वेकडच्या मतदान केंद्रावरून ती पिशवी अठ्ठावीस वर्षं ऑरिन आणि मार्लिस टोफ्टे आणत होते. सतरा मैल कच्चा रस्ता. त्याचा पिकअप, तिची खिडकीकडची जागा, मधे पिशवी. वाटेत हॉटेलात ॲपल पाय खायला थांबले तरी पिशवी दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसायची.

मार्लिस एकतीस वर्षं शाळेची बस चालवायची. ऑरिनला कर्जाची धास्ती, तिला वेगळीच. सगळं एका माणसाच्या हातात जाणार आणि कुणाला कळणारही नाही, असं तिला वाटायचं. ती म्हणायची, बसमध्ये एकाने दादागिरी सुरू केली की बाकीची मुलं आधी खिडकीबाहेर बघायला लागतात. तिथेच ओळखायचं.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये चर्चच्या तळघरात पॅनकेकची न्याहारी होती. ऑरिन कर्जावर घसरला. वॉशिंग्टनमधले पाचशेच्या वर प्रतिनिधी नुसते उधळतात, म्हणाला, एखाद्या खमक्या माणसाच्या हाती लगाम दिला तर काय बिघडणार आहे? मार्लिसने काटा खाली ठेवला.

"आणि तो खमक्या म्हणाला, पिशवी माझ्याकडे दे, तर देशील?"

ऑरिन गप्प राहिला. मार्लिसला ते गप्प राहणंच उत्तर वाटलं. ती उठली आणि जाता जाता म्हणाली, तुझ्या पंचवीस डॉलरनी त्या कर्जाचं टाचणीएवढं व्याजही फिटत नाही. सगळं तळघर हसलं. ऑरिनने ताटली तशीच सोडली. अठ्ठावीस वर्षांत त्याने काही टाकलेलं मी पाहिलं नव्हतं.

जुलैत मार्लिस माझ्याकडे आली. पिशवी आणणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढ म्हणाली. ज्या माणसाचा भरवसा वाटत नाही त्याच्या शेजारी पिशवी घेऊन कशी बसू? मी तिला यादी दाखवली. निवडणुकीचं काम करणाऱ्यांना धमक्यांचे फोन यायला लागल्यापासून तिच्या पक्षाच्या दोघींनी आधीच अंग काढून घेतलं होतं. ती नसली तर त्या केंद्रावर जोडी नाही, आणि जोडी नाही तर केंद्रच नाही. तिने बराच वेळ पेन हातात धरलं. शेवटी आपल्या नावापुढे सही केली. बसेन, म्हणाली, पण बोलणार नाही.

ऑगस्टच्या मतदानाला दोघं खरंच एक अक्षर बोलले नाहीत. संध्याकाळी निघाले आणि नवव्या मैलावर टायर बसला. ऑरिनचे गुडघे कामातून गेलेले, मार्लिस अठ्ठ्याहत्तरची. उजेड अजून होता. तेवढ्यात मागून ऑरिनचा पुतण्या केंट आपला पिकअप घेऊन आला. हा त्याच्याच पक्षाचा, डोक्यावर पक्षाची टोपीसुद्धा. त्याच्या शेजारी कुत्रा आणि मागे कुंपणाचे खांब. दोघांना घ्यायला जागा नव्हती.

केंट भला मुलगा आहे. पिशवी द्या, म्हणाला, मी पटकन पोचवतो आणि तुम्हाला न्यायला परत येतो.

मार्लिस ऑरिनकडे बघत होती. हे सगळं तिनेच मला नंतर सांगितलं.

ऑरिन म्हणाला, "नाही."

"काका, मी काय परका आहे? आपल्याच पक्षाचा आहे."

"म्हणूनच देत नाही. जॅक काढ आणि टायर बदल."

केंट बिचारा धुळीत गुडघ्यांवर बसला. म्हातारे दोघं रस्त्याकडेच्या गवतात बसले, मधे पिशवी. थोड्या वेळाने मार्लिस म्हणाली, "त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"विचार करत होतो. तू थांबलीच नाहीस."

"चार महिने विचार करत होतास?"

"आहे मी सावकाश."

मार्लिस गवताची पाती उपटत राहिली. "टाचणीचं बोलले ते चुकलं माझं."

"हिशेब बरोबर होता तुझा," ऑरिन म्हणाला. "लोक हसले, ते लागलं."

दोघं तासभर उशिरा पोचले. मी चिडून दारात उभी होते आणि ही दोघं ॲपल पाय कुठला चांगला यावरून भांडत आत आली. नोंदवहीत एकाखाली एक सह्या केल्या. मतं दोघांचीही बदलली नव्हती, हेही सांगून ठेवते.

ऑरिन जानेवारीत झोपेतच गेला. येत्या नोव्हेंबरच्या मतदानासाठी त्याच्या जागी केंटने नाव दिलंय. मार्लिसने त्याला आत्ताच बजावलंय की टोपी घरी ठेवून यायचं.

नऊ मे हा ऑरिनचा वाढदिवस. त्या दिवशी मार्लिस कचेरीत आली आणि चेक कुणाच्या नावाने काढायचा ते विचारू लागली. मी नाव लिहून दिलं. पंचवीस डॉलर.

"भीती अजून वाटते गं मला," ती म्हणाली. "रोज वाटते. पण त्याने पिशवी दिली नाही, तेही आठवतं."

पाकीट बंद करायच्या आधी तिने चेक माझ्यापुढे धरला, काही चुकलं तर नाही ना बघायला. खाली कारणाच्या ओळीत लिहिलं होतं: दोघांकडून.