ड्वेनचे शंभराला पंधरा

टोलेडोत बावीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवून व्हर्ना टटलने दोन गोष्टी कमावल्या होत्या: दुखरी कंबर आणि बँकेत तीस हजार डॉलर. ते पैसे घालून, वरच्या रकमेचं कर्ज काढून एक घर घ्यायचं, भाड्याने द्यायचं आणि पेन्शनच्या जोडीला महिन्याला साडेतीनशे सुटायला लागले की बस सोडायची, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. जानेवारीत पहाटे बसच्या काचांवरचा बर्फ खरवडायचा तिला मनस्वी कंटाळा आला होता.

धाकट्या बहिणीचा नवरा ड्वेन घरांची दलाली करायचा. त्याने एक घर शोधलं आणि ऐटीत कागद पुढे सरकवला.

"हप्ता, विमा, घरपट्टी, सगळं वजा करून वर्षाला साडेचार हजार हातात. तुझ्या तीस हजारांवर शंभराला पंधरा. आता तरी हस."

"घर बघून हसते," व्हर्ना म्हणाली.

घर बघणं म्हणजे तिच्या लेखी आधी तळघर. खाली जाऊन तिने भिंतींना हात लावून ओल पाहिली, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीवरची तारीख वाचली. भट्टी तेवीस वर्षांची निघाली. मग ती वर येऊन घरमालकीण मिसेस व्होयचिकसमोर बसली. म्हातारीने कॉफी आणि खसखशीचा रोल पुढे केला.

"घरपट्टी बरीच कमी येते हो तुम्हाला," व्हर्ना म्हणाली.

"वयाची सूट मिळते ना मला! सत्याहत्तर पूर्ण झाली की."

व्हर्नाने रोल खाली ठेवला. म्हातारीची सूट घराबरोबर थोडीच मिळणार होती? तिने ड्वेनचाच कागद उलटा करून पेन्सिल चालवली. वाढीव घरपट्टी सहाशे. भाडेकरू बदलताना घर महिनाभर रिकामं, साडेअकराशे. भट्टी-छप्पर धरून दुरुस्तीला दीड हजार. साडेचार हजारांतून उरले साडेबाराशे. शंभराला जेमतेम चार.

"एवढे तर मला बँक देते," ती बाहेर थांबलेल्या ड्वेनला येऊन म्हणाली, "आणि बँकेची भट्टी मला बदलावी लागत नाही."

"असा कीस काढत बसलीस तर जन्मात घर घेणार नाहीस," ड्वेन फणकारला.

व्हर्नाला वाईट वाटलं, खूपच वाटलं. अजून एक हिवाळा बसवर काढावा लागणार होता. पण तीस हजार शाबूत होते, आणि आता घर कसं पारखायचं तेही तिला कळलं होतं. गाडीत बसेपर्यंत ती शीळ घालायला लागली होती.

ड्वेन मात्र गाडी सुरूच करेना.

"व्हर्ना," तो म्हणाला, "मार्चमध्ये मी स्वतःसाठी एक घेतलंय. असाच कागद करून."

"मालक कोण होता?"

"एक आजोबा." त्याने घसा खाकरला. "ब्याऐंशी वर्षांचे."

व्हर्नाने हसू दाबलं आणि पर्समधून पुन्हा पेन्सिल काढली.