रशीदचाचांचे पुढचे दोन दात

गॅरेजात किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. इंजिनखालच्या चेंबरच्या तळाशी काळं ऑइल साचतं तसे ते आपोआप साचतात आणि चहा आला की बाहेर पडतात. आमच्या सोलापुरातल्या गॅरेजातले निम्मे किस्से एकट्या रशीदचाचांचे. तीस वर्षं आम्ही दोघं जुनी इंजिनं खोलतोय. पाने मी फिरवतो, रोग ते सांगतात. त्यांचं हत्यार एकच, हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनला, मूठ कानाला!

*

मोहोळचा एक बागायतदार आला. गाडीच्या पोटातून ठकठक, ठकठक.

चाचांनी विचारलं, "ऑइलचा लाल दिवा लागतो का?"

"न्हाय की!"

मी डॅशबोर्डात डोकावलो. दिव्यावर टिकली चिकटवलेली!

"ती व्हय? दिवा लई डोळ्यावर येत हुता. मंडळींनी तोडगा काढला."

इंजिन खोललं तर ऑइलवाचून क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, पार झिजलेला. चाचा शांतपणे म्हणाले, "टिकली राहू द्या. क्रँक तेवढा बदलू."

*

क्रँकची झीज बघायची चाचांची रीत ठरलेली. बेअरिंग जिथं बसतं ती जागा फडक्यानं पुसायची आणि तिच्यावरून अंगठ्याचं नख हलकेच ओढायचं. नख अडकलं की क्रँक घासायला, म्हणजे ग्राइंडिंगला! मायक्रोमीटरनं मोजणं नंतर, नुसतं सहीपुरतं. त्यासाठी उजव्या अंगठ्याचं नख ते राखून ठेवतात.

एकदा नातीच्या शाळेत नखतपासणी झाली. पोरीनं उत्साहाच्या भरात झोपलेल्या आजोबांचीही नखं कापून टाकली!

पंधरा दिवस क्रँकवर माझं नख चाललं. चाचा शेजारी स्टुलावर बसून माझी इज्जत काढत होते, "हे नख हाय का चमचा?"

*

मग त्यांचे कान गेले. हळूहळूच गेले असणार, पण आम्हाला कळलं ते एकाच दिवशी. गिऱ्हाइकासमोर चाचांनी स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "एकदम मख्खन!"

मी म्हटलं, "चाचा, इंजिन अजून चालू केलेलं नाही!"

सगळे हसले. मीपण हसलो, त्याची अजून लाज वाटते. चाचांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. आता हा माणूस घरी बसणार, असं मला वाटलं.

आठवडाभरानं बघतो तर स्क्रू ड्रायव्हरची मूठ चाचांच्या पुढच्या दोन दातांत!

मी कानाशी ओरडलो, "चाचा, हे काय?"

"दातातनं सगळं डोक्यात येतं. कान गेला तर गेला!"

आणि खरंच, एकही इंजिन चुकलं नाही.

*

दाताच्या डॉक्टर कुलकर्णी मॅडम वडिलांची ठकठक करणारी जुनी गाडी घेऊन आल्या. दोन ठिकाणी त्यांना इंजिनच बदला म्हणून सांगितलेलं. चाचांनी मूठ दातात धरली आणि मी एकेका प्लगची वायर काढून परत लावत गेलो. तिसरी काढली आणि ठोका मंदावला. चाचांनी तीन बोटं दाखवली: रोग तिसऱ्या सिलिंडरच्या बेअरिंगात.

खोलल्यावर नख बरोबर तिथंच अडकलं. क्रँक ग्राइंडिंगला दिला, नव्या मापाचं बेअरिंग बसवलं, गाडी गप्प झाली.

मॅडमचं मात्र गाडीकडे लक्षच नव्हतं. "चाचा, तुमचे ते दोन दात हलतायत! उद्या क्लिनिकला या."

*

क्लिनिकला मीही गेलो. चाचांना ऐकवायला ओरडणारं माणूस लागतं.

तपासून मॅडम म्हणाल्या, "हे दोन काढलेले बरे. चावायला यांचा काही उपयोग नाही."

मी चाचांच्या कानाशी ओरडलो. चाचा खुर्चीतून उठायलाच लागले!

"नक्को! चावायचे सगळे काढा. हे दोन कामाचे हायत!"

 मॅडमनी त्यांना कसंबसं परत बसवलं. आधी साफ तर करू, म्हणून पॉलिशचं फिरतं मशीन त्याच दोन दातांना लावलं. चाचांनी डोळे मिटले. मग हात वर केला.

"दुखतंय का?" मॅडमनी खुणेनं विचारलं.

"मॅडम, तुमच्या मशीनचं बेअरिंग गेलंय की!"

मॅडमनी मशीन बंद केलं, बोटानं फिरवून बघितलं, तर आत खरंच खरखर लागत होती. मग ट्रेमधला दात उपटायचा चिमटा बाजूला सारला आणि नर्सला म्हणाल्या, "दात बांधायची तार आण."